मदत हवी आहे: स्प्रूसखाली काय लावू? दोन वर्षं सगळं मरतंय

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनेसोटात राहतो, ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) जरा बाहेर. २०२१ मध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात ब्लू स्प्रूसचं मोठं सूचिपर्णी झाड आयतंच मिळालं, तीसेक फूट उंच असेल, खाली घेर पंधरा-सोळा फुटांचा. आधीच्या मालकांनी खालच्या फांद्या चार फुटांपर्यंत कापून टाकल्यात (का ते देव जाणे) त्यामुळे खाली नुसता तपकिरी सुयांचा सडा आणि मधे खोड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांडी घासताना रोज समोर तेच दिसतं, म्हणून ठरवलं की तिथे काहीतरी हिरवं-फुललेलं पाहिजेच.

मागच्या वर्षी मेमध्ये नर्सरीत विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, स्प्रूसच्या सुयांनी माती अ‍ॅसिडिक होते, मग अ‍ॅसिड आवडणारी झाडं लावा. मी आपली खुशीत तीन अझेलिया आणि दोन हायड्रेंजिया घेऊन आले. लावताना फावडंच आत जाईना, मग नवऱ्याने कुऱ्हाड काढली आणि अंगठ्याएवढी मुळं तोडून खड्डे केले. जुलैपर्यंत हायड्रेंजियाची पानं पापडासारखी झाली, अझेलियांनी ऑगस्टमध्ये राम म्हटला. मी रोज संध्याकाळी पाणी घालत होते हो, अगदी न चुकता.

यंदा मेमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनी कोपऱ्यात मेथी टाकली. उगवली, दोन बोटं वर आली आणि मान टाकली. त्या म्हणतात हे झाड खालचं काही जगू देत नाही.

मग मी शेवटी शहाणपणा केला आणि युनिव्हर्सिटीच्या लॅबकडे माती पाठवली. पीएच आला ६.९! म्हणजे अ‍ॅसिडिक वगैरे काहीच नाही. आता तर डोकंच चालेना.

एक गोष्ट परवा बघितली ती सांगते. रात्री दोन-अडीच तास दणकून पाऊस झाला, सकाळी लॉनवर चपला रुतत होत्या, आणि झाडाखाली सुया बाजूला करून बोट घातलं तर कोरडं ठणठणीत. वरची दोन इंच माती भुकटीसारखी आणि तिच्याखाली बारीक मुळांचं असं जाळं की काथ्याचं पायपुसणं उकरतोय असं वाटावं.

एक लँडस्केपवाला येऊन गेला, तो म्हणतो झाडाभोवती दगडांची रिंग करू, आत सहा इंच नवीन माती भरू आणि वर काय हवं ते लावा. कोटेशन ऐकून नवऱ्याला ठसकाच लागला, पण खरंच उपयोग होणार असेल तर विचार करू. शिवाय खालच्या उरलेल्या फांद्यांच्या आतल्या बाजूच्या सुया जांभळट-तपकिरी होऊन गळतायत, तो म्हणतो त्या पण कापून टाकू, उजेड येईल.

तर प्रश्न असे की रिंग करावी का, फांद्या कापाव्या का, आणि मुख्य म्हणजे लावावं काय? पूर्वेकडून सकाळचं ऊन तीनेक तास येतं, नंतर सावली. हरणं आहेत, सशांची तर जत्राच. बजेट फार नाही. अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा, ऑगस्ट संपत आलाय आणि मला वर्ष घालवायचं नाहीये.

बागवेडी:
ताई, आधी त्या लँडस्केपवाल्याला नाही म्हणून फोन करा, मग बाकीचं वाचा. स्प्रूसची मुळं उथळ असतात, पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळं जवळजवळ सगळी वरच्या फूटभर मातीत. त्यांच्यावर सहा इंच माती म्हणजे तोंडावर उशी दाबल्यासारखं आहे, लगेच काही दिसत नाही, झाड दोन-चार वर्षांनी खंगायला लागतं आणि तोवर तो माणूस फोन उचलत नाही. कुऱ्हाड पण परत काढू नका. (दादांना सांगा, रागवत नाहीये. आमच्याकडेही हेच झालं होतं.)

अ‍ॅसिडचं म्हणाल तर हिरव्या सुया असतात थोड्या अ‍ॅसिडिक, पण गळून कुजेपर्यंत मातीतले जीवजंतू ते सगळं निस्तरतात, पीएच फारसा हलत नाही. तुम्ही बोट घालून बघितलंत ना, तेच खरं उत्तर. वरच्या दाट फांद्या पाऊस अडवतात आणि जे थोडं खाली येतं ते मुळं पिऊन टाकतात. अझेलिया तहानेने गेली हो, आणि तुमचं रोजचं संध्याकाळचं पाणी वरची सुयांची गादीच पीत होती.

म्हणजे कोरड्या सावलीतली झाडं शोधायची. माझ्याकडे नॉर्वे स्प्रूसखाली सर्वात चिवट निघालं ते एपिमेडियम. पहिली दोन वर्षं नुसतं बसून राहतं, शिव्या द्याव्याशा वाटतात, मग सरकायला लागतं. बदामी आकाराची पानं आणि वसंतात कोळ्यासारखी नाजूक फुलं. दुसरं बिगरूट जिरेनियम. खिडकीतल्या कुंडीत लाल फुलांचं असतं ते नव्हे, हे वेगळं, याच्या पानांना उग्र वास येतो म्हणून हरणं सहसा तोंड लावत नाहीत. तिसरं पेन्सिल्व्हेनिया सेज (sedge), मऊ गवतासारखं, तुमच्याच भागातलं. होस्टा सगळे सुचवतील, पण हरणं असतील तर होस्टा म्हणजे त्यांची पंगतच. आणि व्हिंका, इंग्लिश आयव्ही कोणी फुकट दिली तरी नको, नंतर आवरत नाही.

लावताना मोठी कुंडी घ्यायचीच नाही. प्लग (ट्रेमधलं इवलंसं रोप) किंवा लहानात लहान रोप, आणि खुरप्याने दोन मुळांच्या मधे जिथे जागा मिळेल तिथे मुठीएवढा खड्डा. मूळ आडवं आलं तर तुम्ही सरका, मूळ नाही. खोडापासून दोन-तीन फूट जागा मोकळी ठेवा. पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा सुया बाजूला करून नळी बारीक सोडून ठेवा, रोजचा शिडकावा बंद. तुमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावून टाका म्हणजे जमीन गोठायच्या आत मुळं धरतील.

डोंगरदादा (डेन्व्हर):
वरचं सगळं पटलं. दोन गोष्टी फक्त जोडतो, कारण ब्लू स्प्रूस मूळचा आमच्या रॉकी पर्वतातला. पहिलं म्हणजे नर्सरीच्या प्रत्येक यादीत स्प्रूसखाली लावायला किनिकिनिक देतात, बेअरबेरी म्हणतात तेच. दिसतं छान, पण स्प्रूसवर ब्रूम रस्ट नावाची बुरशी येते तिचा अर्धा मुक्काम या किनिकिनिकवर असतो. एकमेकांशेजारी दोघांना बसवायचं कशाला? तसंच जवळपास डग्लस फर लावू नका, एक बारीक कीड असते, ती स्प्रूस आणि डग्लस फर अशी आलटून पालटून राहते आणि स्प्रूसच्या शेंड्यांवर छोट्या अननसासारख्या गाठी आणते.

अवांतर: मनालीकडे ट्रेकला गेलो होतो तेव्हा तिथला गाइड हिमालयातल्या स्प्रूसला 'रई' म्हणत होता. आपण सगळ्यांनाच देवदार म्हणून मोकळे होतो.

बागवेडी:
जांभळट सुयांचं राहिलंच होतं. ताई, भिंग असेल तर त्या सुया बघा. काळे ठिपके रांगेत टोचल्यासारखे दिसले तर नीडल कास्ट आहे, रायझोस्फेरा नावाची बुरशी. ब्लू स्प्रूसला तुमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात ती फार होते, खालून आणि आतून सुरू होते. आता फवारून उपयोग नाही. वसंतात नवीन सुया अर्ध्या वाढल्या की क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं निदान दोन वर्षं. एवढ्या उंच झाडाला घरच्या पंपाने जमणार नाही, माणूस बोलवावा लागेल. आणि उजेडासाठी फांद्या कापू नका. पूर्ण वाळलेली काढा, जिवंत राहू दे, स्प्रूसला जुन्या लाकडातून परत फूट येत नाही.

लॉनचा स्प्रिंकलर झाडावर उडतो का? सुया ओल्या राहिल्या की बुरशीला फावतं.

तीनपाकळी:
हाच धागा शोधत होते! मी वाइल्ड जिंजर लावलंय, आमच्याकडे घेराच्या कडेला जिथे थोडी ओल राहते तिथे मस्त पसरलंय. फक्त नावावर जाऊ नका, ते आपलं आलं नाही आणि पोटात जाण्यासारखंही नाही. सासूबाई चहासाठी खणून आणतील, आधीच सांगून ठेवा. फुलांच्या कांद्यांपैकी सिला आणि क्रोकस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथेच कडेला खोचा.

आणि मराठी मंडळातल्या कोणी मैत्रिणीने बागेतलं रोप मातीसकट दिलं तर मुळं बादलीत स्वच्छ धुऊन मगच लावा. उड्या मारणारी गांडुळं आलीयेत मिनेसोटात, ज्या मातीत असतात ती कॉफीच्या चोथ्यासारखी होते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप खूप आभार. लँडस्केपवाल्याला नाही कळवलं, नवरा इतका खूश की स्वतःहून खुरपं घेऊन आला.

भिंगाने बघितलं, आहेत ठिपके, अगदी शिवणीच्या टाक्यांसारखे रांगेत. आणि हो, स्प्रिंकलरचं एक तोंड थेट झाडावर उडत होतं, आमच्या कधी लक्षातच आलं नाही. आज वळवलं.

यादी अशी केलीय: आतल्या बाजूला एपिमेडियमचे बारा प्लग, सकाळच्या उन्हाकडे बिगरूट जिरेनियम, कडेला सेज आणि थोडं वाइल्ड जिंजर. किनिकिनिक खरंच घेणार होते हो, कार्टमध्ये होतं, काढलं. खोडाजवळच्या सुया तशाच राहू देणार, आता तो सडा मला एवढा काही वाईट वाटत नाहीये.

सासूबाईंना समजावत होते की फांद्यांची टोकं जिथे संपतात ती ड्रिप लाइन, वरचं पाणी तिथे पडतं, आत नाही. त्या म्हणाल्या, "अगं म्हणजे झाडाची पागोळी! मग एवढं काय इंग्लिशमधून सांगतीस? घरी पागोळीखाली आपण अळू लावतोच की." आणि त्यांनी एशियन दुकानातल्या गड्ड्यांचा अळू डेकवर बादलीत वाढवलाय, तो मला दाखवला. जमिनीत लावायचा नाही हे पटवलं, थंडी पडली की गड्डे बेसमेंटमध्ये जाणार. पण बादली त्यांनी आजच त्या पागोळीत नेऊन ठेवली. पानं झकास आहेत, रविवारी फदफदं.

एकच शेवटचं विचारते, एपिमेडियमला सशांपासून पहिल्या हिवाळ्यात जाळी लावावी लागते का?