मदत हवी आहे: मॉनिटरवर श्वासाचा आकडा भलताच येतोय, अलार्म थांबेना

रात्रपाळी_कळंब
पेशंट शांत पडलाय, मॉनिटर मात्र आरआर (मिनिटाला श्वास) ९२ दाखवायलाय. अलार्म सारखा वाजायलाय. इलेक्ट्रोड बदलून झाले. मशीनवाला लातूरहून उद्या येणार. तोवर काय करावं, पटकन सांगा.

बायोमेड_लातूर
एचआर (मिनिटाला हृदयाचे ठोके) किती? केबल तीन लीडची (वायरची) का पाच? रेस्प लीड (श्वास कोणत्या दोन इलेक्ट्रोडमधून मोजायचा ती सेटिंग) कशावर ठेवलीय?

वायरमन_परभणी
अर्थिंग बघा. इन्व्हर्टरवर असे आकडे नाचतातच. स्टॅबिलायझर लावा.

रात्रपाळी_कळंब
एचआर पण ९२. पाच लीड. रेस्प लीड कुठं दिसते?

बायोमेड_लातूर
दोन्ही आकडे एकच, म्हणजे मशीन हृदयाचे ठोके श्वास म्हणून मोजतंय. यात अर्थिंगचा काही संबंध नाही. ईसीजीच्याच दोन इलेक्ट्रोडमधून बारीक करंट जातो, छाती फुगली की अडथळा बदलतो, त्यावरून श्वास मोजला जातो. रेस्पच्या मेनूत लीड दोनची (उजवा हात ते डावा पाय) एक (उजवा ते डावा हात) करून बघा. पोट जास्त हलत असेल तर लीड दोनच ठेवा आणि डाव्या पायाचं इलेक्ट्रोड पोटाच्या डाव्या बाजूला, जिथं सगळ्यात जास्त हलतं तिथं लावा. घाम कोरड्या गॉजनं पुसा, केस काढा. पाकीट उघडं राहिलं असेल तर जेल वाळतं, ती इलेक्ट्रोड टाकून द्या. आणि लाल वायर कुठंय? काही केबलमध्ये लाल उजव्या हाताची असते, काहींत डाव्या पायाची. रंगावर जाऊ नका, क्लिपवरची अक्षरं वाचा.

शॉर्टकट_नांदेड
एवढं कशाला? आरआरचा अलार्म बंद करा, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) आहेच की.

आयसीयू_सिस्टर
अजिबात बंद करू नका! ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी एसपीओटू बराच वेळ ९८ राहतं. आधी छातीकडं बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. पेशंटला झालंय काय, ते सांगा ना.

रात्रपाळी_कळंब
मोजले, २६. लीड एकवर आता २५-२६ येतंय. मण्यार चावलीय, संध्याकाळी आणलाय.

गावाकडचा_वैद्य
एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) १० व्हायल दिले का? २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली का?

आयसीयू_सिस्टर
ते डॉक्टर बघतील, इथं प्रश्न श्वासाचा आहे. मण्यारीच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात, चावल्याचं पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. श्वास उथळ झाला की सिग्नल लहान होतो, म्हणूनच मशीननं ठोके पकडले. लीड बदलून आकडा सुधारला, पेशंट नाही. एका श्वासात १, २, ३ म्हणायला लावा, कुठवर जातो ते लिहा. मान उशीवरून उचलता येते का? पापण्या?

रात्रपाळी_कळंब
१४ पर्यंत. तासाभरापूर्वी २२ होता. मान उचलत नाही, पापण्या जड.

आयसीयू_सिस्टर
डॉक्टरांना आत्ता उठवा. व्हेंटिलेटर लागणार. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात फोन करून बेड आहे का विचारा.

रात्रपाळी_कळंब
सर आले. अँब्युलन्स दारात लागतेय.

बायोमेड_लातूर
रस्त्यात धक्क्यांनी रेस्पचा आकडा पुन्हा बिघडेल. छातीवर हात ठेवून मोजा. अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), मास्क, सक्शन (घशातली लाळ ओढायचं यंत्र) हाताशी ठेवा. बी टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो, मिनिटाला १० लिटरनं अडीच तास. निघण्याआधी गेज बघा, अर्धा भरलेला असेल तर दुसरा घ्या.