मदत हवी आहे: धर्मादायचा दाखला बेळगावात कुठं मिळतो? शुक्रवारी मुदत संपते

जांबोटी_रोड (सोमवार)
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमच्या मंडळानं आरोग्याच्या कामासाठी एका फाउंडेशनकडं अनुदानाचा अर्ज केलाय. पहिल्या यादीत नाव आलं. आता कागद मागितलेत, त्यात "धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी दाखला व परिशिष्ट 1 चा उतारा" असं लिहिलंय. तो जोडल्याशिवाय ऑनलाइन फॉर्म पुढं सरकत नाही, लाल रेघ येते. शुक्रवारी संध्याकाळी 6 ला बंद. दाखला कुठं मिळतो तेवढं लवकर सांगा की ओ.

सदाशिवपेठी
दोन दाखले वेगवेगळे असतात. एक 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याचा, दुसरा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचा. दुसरा म्हणजे धर्मादायचा. उतारा तुमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज केला की मिळतो. विश्वस्त बदलले असतील तर बदल अहवाल मंजूर आहे का ते आधी पाहा. आमचा तीन वर्षं पडून होता, त्यापायी एक मोठी देणगी हातची गेली.

जांबोटी_रोड
तेच कार्यालय सापडेना म्हणून विचारतोय. बेळगावात दोन खेपा झाल्या. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात खालच्यांनी वर पाठवलं, वरच्यांनी खाली.

सदाशिवपेठी
बेळगाव? अहो, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं. मी महाराष्ट्रातलं सांगत होतो.

सीए_वडगाव
जांबोटी, तुमच्या संस्थेची नोंदणी कुठली? सोसायटी की ट्रस्ट? कुठल्या सालची? फाउंडेशन कुठलं, नाव नको, पण पैसा कंपनीचा सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा निधी) आहे की कुटुंबाची देणगी? आयकराची 12ए (संस्थेला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आहे का? हे कळल्याशिवाय जो तो आपल्या गावचं उत्तर देत बसेल.

जांबोटी_रोड
नोंदणी खानापूर तालुक्यातली, सोसायटी, 2009. फाउंडेशन पुण्याचं. 12ए, 80जी दोन्ही आहे. सीएसआर आहे का माहीत नाही.

मराठी_मातीचा
दादा, तुम्ही नसत्या खटाटोपात पडलात. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. तुमची गावं त्यात येतात. तिथं अर्ज भरा. 1956 पासून आपण हेच भोगतोय, इकडचे कागद तिकडे चालत नाहीत. 2004 पासून सीमाप्रश्नाचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. तो निकालात निघाला असता तर आज तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

जांबोटी_रोड
भाऊ, भावना कळते. पण ती योजना दवाखान्यातला खर्च भागवते. आमचं काम पेशंटला दवाखान्यापर्यंत न्यायचं आहे.

रानवारा
त्यासाठी 108 आहे की. कर्नाटकात आरोग्य कवच 2008 पासून चालू आहे.

जांबोटी_रोड
108 ला फोन लागायला रेंज पाहिजे. भीमगडच्या जंगलातल्या गावांत, आमगाव, कोंगळा, पास्टोली, पावसात जीपसुद्धा दारापर्यंत जात नाही. घोंगडं बांबूला बांधायचं, त्यात बाईला घालायचं आणि चौघांनी खांद्यावरून ओढा ओलांडून रस्त्यापर्यंत आणायचं. तिथं आमची जीप उभी असते. तिथनं खानापूर, नाहीतर थेट बेळगावचं बिम्स, म्हणजे मोठा सरकारी दवाखाना. आधी डिझेलचे पैसे एका मोठ्या संस्थेमार्फत यायचे, ते 2020 ला एकदम बंद झाले. तेव्हापासून वर्गणीवर चालवतोय.

सीए_वडगाव
ते बंद का झाले ते सांगतो, कारण आत्ताही उपयोगी आहे. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडं वळवायला बंदी आली. मोठ्या संस्थांच्या हातून खेड्यातल्या मंडळांना मिळणारा पैसा अशानं आटला. त्यामुळं तुमच्या फाउंडेशनला विचारा की पैसा देशातला आहे ना. सीएसआर असेल तर कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणीही लागेल.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांचा दाखला तुम्हाला मिळणार नाही आणि लागतही नाही. तुमची संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 खालची. त्याचा दाखला जिल्हा निबंधकांचा. परिशिष्ट 1 च्या जागी तुमच्याकडं कार्यकारिणीची यादी असते, जी दरवर्षी वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत ताळेबंदासोबत निबंधकांकडं द्यायची असते. शेवटची कधी दिली?

वाचनालय_शहापूर
पूर्वी मिळायचा हो. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचा 1950 च्या कायद्याचा दाखला आमच्या वाचनालयात फ्रेम करून लावलाय.

सीए_वडगाव
काका, तो जपून ठेवा. पण 2009 च्या संस्थेला त्याचा काय उपयोग? जांबोटी, यादी कधी दिली ते सांगा.

जांबोटी_रोड
आधीचे सेक्रेटरी वारले. त्यानंतर दिलेली नसावी. फाईल बघतो.

निपाणीची_नर्स
मी वेगळं सांगते, राग मानू नका. 2003 मध्ये गेट्स फाउंडेशनचा एचआयव्ही प्रतिबंधाचा आवाहन कार्यक्रम सहा राज्यांत आला. कर्नाटक, महाराष्ट्र दोन्ही त्यात होते. बेळगाव जिल्ह्यातही काम झालं. चिक्कोडी भागात मी फिल्डवर होते. देवदासी बायका, ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांशी बोलायला माणसं होती, दवाखाना ठरलेला होता, औषध वेळेवर होतं. नंतर काम टप्प्याटप्प्यानं सरकारकडं गेलं आणि आमच्या किती बायकांचा पगार थांबला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अनुदान तीन वर्षांचं असतं, ओढा दरवर्षी भरतो. घरटी वर्गणी ठरवा, गणपतीच्या मंडळांकडून घ्या, पण पराधीन होऊ नका.

अर्ज_वाचणारी
ताई, तुमचं दुःख खरं आहे, तरी मी सहमत नाही. त्या कार्यक्रमात तयार झालेल्या बायका आज स्वतःच्या संघटना चालवतात, हेही त्याच पैशानं झालं. जंगलातल्या शंभर घरांच्या वर्गणीवर जीप चालवा म्हणणं म्हणजे ज्यांच्याकडं सगळ्यात कमी आहे त्यांच्याच खिशात हात घालणं.

जांबोटी, मी एका देणगी संस्थेत सात वर्षं हेच अर्ज वाचले. दाखल्यातून आम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. संस्था कायद्यानं उभी आहे का, आणि आज सही करणारी माणसं खरोखर कार्यकारिणीवर आहेत का. फॉर्म महाराष्ट्रातल्या संस्था डोळ्यांपुढं ठेवून बनवलाय, म्हणून तो रकाना सक्तीचा. कार्यक्रम अधिकाऱ्याला आजच फोन करा आणि पाठोपाठ एक पानी पत्र मेल करा: आमची नोंदणी कर्नाटकातली, दाखला अमुक कायद्याचा, तोच त्या जागी जोडतो. तोंडी होकारावर थांबू नका. आणि सांगा, अर्जात कामाविषयी काय लिहिलंय?

जांबोटी_रोड
12 जनजागृती शिबिरं, पोस्टर, आरोग्य मेळावा. एका ओळखीच्यांनी लिहून दिलं.

अर्ज_वाचणारी
जीप?

जांबोटी_रोड
जीपचं लिहिलं नाही. गाडीला कुणी पैसे देत नाही म्हणाले.

अर्ज_वाचणारी
नवी गाडी घ्यायला बरेच जण देत नाहीत. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, दुरुस्ती हा चालवायचा खर्च, तो मागता येतो. पोस्टरचे अर्ज मी शेकड्यानं वाचलेत, घोंगड्याचा एकही नाही. फेऱ्यांची नोंद ठेवता का?

जांबोटी_रोड
ठेवतो. ड्रायव्हर लिहितो, शंभर पानी वही. आत्ता समोर आहे. एक पान असं: "17 जुलै, रात्री 2.40. आमगाव. बाळंतीण, पहिली खेप. ओढ्याला पाणी, पाऊण तास थांबलो. खानापूर 4.50. मुलगी, दोघी बऱ्या. डिझेल 600." अशा चार वह्या भरल्यात. पानं भिजून फुगलीत, पण वाचता येतात.

अर्ज_वाचणारी
हाच तुमचा अर्ज. दहा पानांचे फोटो काढा, बाईचं नाव असेल तर झाका, आणि वर्षाला किती फेऱ्या ते मोजून लिहा. शिबिरं चारवर आणा. पावसाळ्याआधी दिवस भरत आलेल्या बायकांना खानापुरात नातेवाइकांकडं आणून ठेवत असाल तर तेही लिहा.

जांबोटी_रोड
ठेवतो की. ते काम आहे हे डोक्यातच आलं नाही.

सदाशिवपेठी
पोटनियम कन्नडमध्ये असतील तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर लागेल, नोटरीच्या शिक्क्यासह. आणि त्यात कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते पाहा. पुण्याच्या फाउंडेशनच्या स्वतःच्या विश्वस्तपत्रात महाराष्ट्राबाहेर खर्च करायची मुभा आहे का, तेही फोनवर विचाराच.

जांबोटी_रोड (बुधवार रात्र)
अपडेट. तीन वर्षांची यादी दिलेली नव्हती. आज सीएसाहेबांनी फोनवर सांगितलं तसं तिन्ही वर्षांचे ताळेबंद आणि सभेच्या ठरावांच्या प्रती घेऊन निबंधकांकडं गेलो. आमची इतिवृत्तं मराठीत, तिथं कन्नड मागतात, म्हणून बाहेर बसून भाषांतर करून घेतलं. उशिराचा दंड भरला. पोच मिळाली, शिक्का आहे. पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, पैसा कुटुंबाच्या देणगीचा आहे, कर्नाटकात खर्च चालतो, 1960 चा दाखला त्याच रकान्यात जोडा, पोच परिशिष्टाच्या जागी. मेलनंही तसं आलं.

सीए_वडगाव
छान. एक राहिलं. 12ए ची फेरनोंदणी 2021 ला केलीत ना? ती पाच वर्षांची, 31 मार्च 2026 पर्यंत. अनुदानाचा काळ त्यापुढं जाणार, नूतनीकरणाचा कागद तयार ठेवा.

निपाणीची_नर्स
वर्गणी तरीही बंद करू नका दादा. कमी करा, बंद नको.

जांबोटी_रोड (शुक्रवार)
बंद नाही करणार ताई. फॉर्म काल रात्री साडेअकराला गेला, लाल रेघ आली नाही. वह्यांचे फोटो ड्रायव्हरनंच काढले, एकेक पान उन्हात धरून. सगळ्यांचे आभार. पारवाडचा फोन आलाय, निघतो.

चंदगडची_सून
याच धाग्यावर विचारते. आमचाही महिला मंडळाचा अर्ज आहे, तोच दाखला मागतात. दोन गावं कर्नाटकातली आहेत. आम्ही कुठला जोडायचा? उद्यापर्यंत सांगा प्लीज.

सीए_वडगाव
ताई, मंडळाची नोंदणी चंदगडची की बेळगावची?