छापी म्हणजे काय?

साईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात चांद पाटलाची गोष्ट आहे. हरवलेली घोडी शोधणाऱ्या पाटलाला बाबा चिलीम ओढायला बसवतात. चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतात, सटका आपटून पाणी काढतात आणि त्या पाण्यात 'छापी' भिजवतात. निखारा समजला, पण पाणी कशाला? तो हुक्का तर नव्हे. इथेच मी अडले. छापी म्हणजे छापलेलं काही का?

— नाही, छपाईचा इथे संबंध नाही. छापी म्हणजे चिलमीच्या निमुळत्या टोकाला गुंडाळायची ओली चिंधी. चिलीम ही मातीची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी. रुंद तोंडात आधी एक खडा टाकतात, नाहीतर तंबाखू सरळ खाली येईल. मग तंबाखू, वर निखारा. निमुळतं टोक मुठीत धरून मुठीच्या फटीतून ओढायचं. छापीमुळे मूठ आणि चिलीम यांच्यात फट राहत नाही, धूर जरा गार होतो, राख तोंडात येत नाही. हिंदीत हिलाच साफी म्हणतात. म्हणजे विस्तव आणि पाणी दोन्ही मिळाल्याशिवाय चिलीम होतच नाही. छापी माहीत नसेल तर त्या गोष्टीतला अर्धा चमत्कार वाया जातो, म्हणून हा शब्द टिकायला हवा असं मला मनापासून वाटतं.

— हुक्क्याचं पाणी वेगळं. तिथे धूरच पाण्यातून बुडबुडत येतो. 'गुडगुडी' हे नाव त्या आवाजावरूनच पडलं.

— क्रियापदंही बघा. विडी वळतात, चिलीम भरतात. आमचे आजोबा विडी 'पेटवत' नसत, 'शिलगावत'. ओढणं सर्वत्र चालतं, पण गावाकडे 'विडी पितो' असंही सर्रास ऐकू येतं. त्याला हिंदीची छाप म्हणून हसू नये, 'धूम्रपान' या शब्दात पिणंच आहे.

— आभार, आता ती ओवी उलगडली. पण रानात चूल नसताना विस्तव कुठून आणत?

— चकमकीतून. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस एवढा सरंजाम जवळ असे. गारेवर पोलाद घासून मारलं की ठिणगी कापसावर पडे, तो धुमसू लागला की त्यावरच विडी शिलगावत. दोन पक्षांत चकमक 'झडते' असं आपण म्हणतो, ते ठिणग्या झडण्यावरूनच.