टीसीएल रोज टाकतात, तरी खालच्या आळीला जुलाब का?

पाटणची सून

नमस्कार. आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. खाली विहीर आहे. तिथून मोटारीने पाणी वरच्या टाकीत चढवतात आणि सकाळी पाऊण तास नळाला सोडतात. मोठा पाऊस झाला की पाणी तांबूस, गढूळ येतं. यंदा तसं झालं आणि आठवड्याच्या आत खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आमचं घरही त्याच आळीत. शेजारच्या मुलीला सलाईन लावावं लागलं.

पाणी सोडणारे दादा म्हणतात, टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, रोज टाकतो. ते खोटं बोलत नाहीत, कारण वरच्या आळीत पोरं त्या वासानेच पाणी पीत नाहीत. मग आमच्याकडेच का?

सासूबाई तुरटी फिरवून दुहेरी फडक्याने गाळतात, पाणी नितळ दिसतं. मालक ठाण्याला असतात, ते म्हणतात आरओ घेऊ. सगळ्यांचं पाणी वीस-वीस मिनिटं उकळायचं तर सिलिंडर किती पुरणार? घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. काय करू?

जुना आरोग्यसेवक

ताई, वर वास येतो आणि खाली जुलाब होतात, हेच महत्त्वाचं आहे. मी सांगली जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली. साथ आली की सगळे टाकी बघायला जायचे, मी आधी शेवटच्या नळावर जायचो.

पाणी पाऊण तासच येतं ना? म्हणजे बाकी दिवसभर पाइपात दाब नाही. व्हॉल्व्हचा खड्डा पावसाने भरलेला, पाइप गटारातून गेलेला, एखादा जोड सैल. पाणी उताराला निघून जाताना पाइपात पोकळी होते आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या घरात पोचते. टाकीतलं क्लोरीन त्या घाणीशी लढण्यातच संपतं.

त्यामुळे टीसीएल टाकली की नाही यावर वाद घालू नका, ओटी टेस्ट करायला लावा. जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावाच्या पाण्यात क्लोरीन टाकून तपासणाऱ्या माणसाकडे, ऑर्थोटोलिडीनची छोटी बाटली, काचनळी आणि रंगांची पट्टी असायला हवी. शेवटच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पट्टीशी जुळवून लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथीच्या दिवसांत ०.५. रंग आलाच नाही, तर त्या नळाच्या पाण्याला कसलंही संरक्षण नाही.

पावडरही बघा. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं आणि उरतो नुसता चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नाही. विहिरीत कोरडी पावडर फेकून देणंही चुकीचं. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग पाणी वाढवायचं, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायचं. ती बादली विहिरीत सोडून वरखाली हलवायची. चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. तासभर थांबून मगच पाणी उपसायचं. ताज्या पावडरचा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला जास्त लागते. किती ते ओटीचा रंगच सांगतो.

सासूबाईंची तुरटी चालू राहू द्या. गाळ बसला की क्लोरीन वाया जात नाही. पण तुरटीने जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून त्यात मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) टाका, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबा. बाळाचं पाणी मात्र उकळाच. वीस मिनिटं लागत नाहीत, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. आणि हंड्यात हात किंवा पेला बुडवू नका, लांब दांड्याचं वगराळं ठेवा. चांगलं केलेलं पाणी पुन्हा बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

धायरीकर

आरओबद्दल. २०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेडगाव भागात गिया-बारे सिंड्रोमचे (जंतुसंसर्गानंतर हातपाय लुळे पडू शकणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा आरओ पाण्याचे जार लावलेली घरं निर्धास्त होती. नंतर महापालिकेने या भागातले अनेक खासगी आरओ प्लांट बंद केले, कारण तिथल्या पाण्याचे नमुनेच पिण्यालायक निघाले नाहीत. यंत्र घ्यायचं तर घ्या, पण फिल्टर वेळेवर बदलणारा माणूस वाडीत येणार आहे का, ते आधी विचारा. आम्ही आजही उकळतो.

आशाताई, जावळी

मुलाला जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा, दवाखान्याची वाट बघू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वाटी-चमच्याने, थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकची गोळी आशाकडे मिळते, दीड वर्षाच्या बाळाला २० मिलिग्रॅम, रोज एक, १४ दिवस. जुलाब थांबले तरी ती थांबवायची नाही, घरोघरी हेच राहून जातं.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडलं, पोटाच्या कातडीला चिमटा काढल्यावर ती सावकाश बसू लागली किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. पेजेच्या पाण्यासारखे पांढरट जुलाब भराभर होत असतील तर कॉलरा असू शकतो. तेव्हा आरोग्य केंद्राला त्याच तासाला कळवायचं.

पाटणची सून

सगळ्यांचे आभार. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. त्यातल्या एक आमच्याच बचतगटात निघाल्या, किट घेऊन आल्या. टाकीजवळच्या नळाला चांगलं पिवळं झालं. आमच्या शेवटच्या नळाला काहीच रंग नाही. मधल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलंय आणि शेजारीच गोठ्याचा उकिरडा. ग्रामसेवकांना फोटो पाठवलेत. दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं?

जुना आरोग्यसेवक

खड्डा आजच उपसा आणि उकिरड्याचं पाणी दुसरीकडे वळवा, याला कोणाची मंजुरी लागत नाही. नळाचं पहिलं पाणी भांडी-धुण्याला घ्या, पिण्याचं शेवटी भरा. तरी मेडिक्लोर हवंच, आरोग्य केंद्रातून खालच्या आळीच्या प्रत्येक घराला मागून घ्या. नमुना प्रयोगशाळेत द्यायचा तर घरची बाटली चालत नाही, तिथूनच निर्जंतुक बाटली आणा आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा.

ग्रामसभेत विचारा की आपल्या ग्रामपंचायतीला यंदा कोणतं कार्ड मिळालं: लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी). पावसाळ्याआधी आणि नंतर असा वर्षातून दोनदा पाण्याच्या जागांचा सर्व्हे होतो, त्यावरून ते ठरतं. व्हॉल्व्हचा खड्डा त्या सर्व्हेत लिहिलाय का, तेही बघा. जोड बदलल्यावर जास्त क्लोरीनचं पाणी पाइपात भरून ठेवायला आणि नंतर ते शेवटच्या नळातून सोडून द्यायला सांगा. मग तिथे पुन्हा ओटी करा आणि रंग इथे कळवा.