अनुभव धागा : गोव्यात तुमचं काम खरंच ऑनलाइन होतं का?

पंचायत, मामलेदार कचेरी, वीजबिल, वाचनालय, काहीही चालेल. कुठलं काम होतं, कोणी करून दिलं, खिशातून काय गेलं, एवढं लिहा. नुसते शिव्याशाप नकोत, ते चहाच्या गाड्यावर होतातच. सुरुवात मी करते.

जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा पाहायला पूर्वी तलाठ्याला गाठावं लागायचं. आता तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग घातला की समोर येतो. इथपर्यंत झकास. पण उताऱ्यावर नाव आजोबांचंच, आणि ते जाऊन जमाना झाला. म्युटेशनसाठी, म्हणजे वारसांची नावं चढवण्यासाठी कागद काढले, तर पोर्तुगीज काळातल्या दस्तात त्यांच्या नावातल्या 'श'साठी एक्स, उताऱ्यावर एस-एच. जुन्या कारकुनाला हे पाहताक्षणी कळायचं, संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. शेवटी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं अ‍ॅफिडेव्हिट करून कचेरीतच जावं लागलं.

सत्तरीकर
आमच्याकडे ऑनलाइन म्हणजे वाळपईतलं झेरॉक्सचं दुकान. उत्पन्नाचा दाखला असो की पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, तोच भरतो. पैसे घेतो, त्याबद्दल तक्रार नाही, कचेरीच्या फेऱ्यांपेक्षा स्वस्तच पडतं. गोची वेगळीच आहे. अर्जात मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्यालाच ठाऊक. ऐन चवथीत तो आपल्या गावी गेला आणि माझा मंजूर झालेला दाखला त्याच्या फोनमध्ये अडकला. पंचायतीत विचारलं तर म्हणाले, "तुमचा दाखला तुम्हाला मिळालाय असं दिसतंय." आमच्या वरच्या वाड्यावर रेंज नाही, त्यामुळे ओटीपी आपल्याच नंबरवर घ्यायचा म्हटलं तरी रस्त्यापर्यंत उतरावं लागतं.

तारवटी
नावं ठेवण्याआधी माझंही ऐका. मी बोटीवर असतो, घरी वर्षातून एकदा. आई एकटी. पूर्वी वीजबिलासाठी तिला रांगेत उभं राहावं लागायचं किंवा शेजाऱ्यांना विनवावं लागायचं. आता बंदर आलं, वायफाय मिळालं की मी भरून टाकतो. ज्याचं माणूस घरात नाही त्याला विचारा याची किंमत.

काणकोणची सून
सासूबाईंनी उमेदीची वर्षं काजूच्या कारखान्यात घालवली. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघून निघून ठसे पुसट झालेत. दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, आणि यंत्र त्यांचं बोट ओळखायलाच तयार नाही. पुसून, ओलं करून, डावा अंगठा, उजवा अंगठा, सगळे प्रयोग झाले. समोर धडधाकट बसलेली बाई जिवंत असल्याचा पुरावा मागतात, काय बोलणार! चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आली तेव्हा सुटलो. मोबाईल मी धरते, त्या डोळ्यांची उघडझाप करतात. पण मी घरात नसते तर?

जुन्या पेपरांचा किडा
वाचनालयाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. ते पणजीतल्याच पाटो भागातल्या नव्या इमारतीत गेल्यावर मी तिथेच पडीक असतो. जुन्या वर्तमानपत्रांची पानं हाताळली की कोपरे तुटून हातात येतात, म्हणून स्कॅनिंगला माझा शंभर टक्के पाठिंबा. मात्र स्कॅन म्हणजे शोध नव्हे. पडद्यावर दिसतो तो पानाचा फोटो. छपाईच्या जुन्या खिळ्यांची देवनागरी, पसरलेली शाई. त्यातला शब्द यंत्राला धड वाचता येत नाही. एका नाटक मंडळीच्या जाहिराती शोधत होतो, तर पान न् पान डोळ्यांखालून घालावं लागलं. पूर्वी विभागातल्या एका वयस्क गृहस्थांना विषय सांगितला की ते म्हणायचे, "मुक्तीच्या आधीचं हवं ना? मग अमुक गठ्ठा बघा." ते निवृत्त झाले. त्यांच्या डोक्यात होतं ते कॅटलॉगमध्ये कोणी उतरवलं नाही.

फोंडेकरीण
@किडा, आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या कपाटापेक्षा चार्जिंगच्या प्लगला जास्त मागणी आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी येतात ती दिवेलागणीला उठतात. मला यात वावगं वाटत नाही, घरी त्यांना शांत कोपरा नसतो. कादंबऱ्या नेणाऱ्या आम्ही चार बायकाच. आणि एक विचारायचं होतं. माझे वडील १९६१च्या आधी पेपरात लिहायचे. ते लेख घरबसल्या सापडतील का?

जुन्या पेपरांचा किडा
नुसत्या नावावरून शोधत बसू नका, वैतागाल. घरात कात्रणं, पत्रं, पोस्टकार्डं असतील तर आधी ती काढा आणि पेपराचं नाव, साल, जमल्यास महिना टिपून घ्या. टोपणनावाने लिहीत असतील तर तेही लिहा. मग पाटोला या, मी बहुधा तिथेच असेन.