सहा आणि चार वर्षांच्या मुलांना घरीच जर्मन कसं शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. नवरा मार्चपासून श्टुटगार्टला आहे, दिवाळीनंतर मी आणि मुलं जाणार. मुलगी सहाची, मुलगा चारचा. तिला तिकडे शाळेत बसायचंय, म्हणून आधी थोडं जर्मन कानावर पडावं ही धडपड. माझं जर्मन म्हणजे व्हिसासाठी दिलेली ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, परीक्षा. पुण्याला मॅक्समुलर भवनात जाऊन दिली, पासही झाले, आणि परतताना संगमनेर येईपर्यंत अर्धं विसरले.

सुरुवातीला रंगांचे, प्राण्यांचे तक्ते लावले. दोन आठवडे गंमत झाली, मग धाकटा तक्ता दिसला की पळायला लागला. शिवाय मी सगळं इंग्रजीतून शिकवत होते. का, ते विचारू नका. शाळा इंग्रजी माध्यमाची, तोंडात तेच बसलंय.

एकदा पानं घेताना सहज मराठीतून सांगितलं: डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. चमचा डेर ल्योफल, काटा डी गाबल, सुरी डास मेसर. मुलगी लगेच म्हणाली, "आई, सुरी 'ती' असते ना? त्यांनी 'ते' का केलं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण मला आनंदच झाला. आपलं द्राक्षही तिकडे 'ते' नाही, 'ती' आहे. पण वस्तूंना तीन लिंगं असतात याचं तिला काहीच नवल वाटलं नाही.

आकड्यांचंही तेच. एकवीस म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. इंग्रजीच्या सवयीने ती उलटं म्हणायची. सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "अगं, एकवीस, बावीस असंच की ते. आधी एक, मग वीस." झालं काम. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा त्या केवढ्या चिडल्या होत्या! जर्मनमध्ये एकोणतीस सरळ 'नऊ आणि वीस' आहे, तेही त्यांना पसंत नाही.)

आता अडचणी. माझे उच्चार कच्चे आहेत, ते मुलांच्या तोंडी कायमचे बसतील का? धाकटा ऐकतो पण तोंडातून एक शब्द काढत नाही, त्याला म्हणायला लावू का? आणि खरी धास्ती ही की या नादात मराठी मागे पडेल. सासूबाई इथेच राहणार, व्हिडिओ कॉलवर नातवंडं त्यांच्याशी कशात बोलणार?

प्रतिसाद

ताई, आम्ही तीन वर्षं तिकडे राहून आलो, त्या अनुभवावरून सांगते. धाकट्याला अजिबात म्हणायला लावू नका. आमचाही बालवाडीत बरेच महिने गप्प होता, मग एकदम वाक्यंच बोलायला लागला. उच्चारांची काळजी सोडा, तिथली पोरं आठवड्यात दुरुस्त करतात. तोवर बाबांना म्हणावं, शेजारपाजारच्या कुणाकडून चार वाक्यं रेकॉर्ड करून पाठवा. झेडचा उच्चार मात्र आपल्याला फुकट मिळालाय. 'चोर'मधला च, 'चिमणी'मधला नव्हे. साखर म्हणजे त्सुकर. यू-वर दोन टिंबं दिसली की ओठ 'ऊ'चे करून 'ई' म्हणायचं, मुलांना तोंड वेडंवाकडं करायला आवडतंच.

वेळ एकच ठेवा, दात घासतानाची किंवा नाश्त्याची. बाकी दिवसभर मराठी, आणि तिकडे गेल्यावर घरात तर मराठीच. आम्ही तिथे हट्टाने जर्मन बोलत बसलो आणि आजी-नातवात दुभाषी व्हायची वेळ आली. ती चूक तुम्ही करू नका.

मूळ प्रश्नकर्ती

धन्यवाद ताई! रेकॉर्डिंगचं आजच नवऱ्याला सांगते. 'चोर'मधला च करून पाहिला. धाकट्याने पहिला जर्मन शब्द काढला: 'त्सुकर'. सकाळपासून साखरेच्या डब्याभोवती तेवढंच चालू आहे. डबा वरच्या फळीवर ठेवलाय.