आलेखातील टोकाच्या नोंदींचे काय करावे?

प्रश्न
एका सर्व्हरला प्रतिसाद देण्यास लागलेल्या वेळेच्या २,००० नोंदी माझ्याकडे आहेत. जवळपास सगळ्या १२० ते १८० मिलिसेकंदांच्या दरम्यान आहेत. मात्र ११ नोंदी हजारोंच्या घरात, काही तर ३०,००० पर्यंत गेल्यामुळे उभा अक्ष इतका ताणला जातो की बाकीचा डेटा तळाशी चिकटलेल्या सपाट रेषेसारखा दिसतो. हे आउटलायर (इतरांपासून फार दूर पडलेल्या नोंदी) काढून टाकावेत, की लॉग स्केल (दर समान टप्प्याला मूल्य ठरावीक पटीने, उदा. दहापट, वाढणारा अक्ष) वापरावी?

पहिले उत्तर
आधी त्या ११ नोंदी एकेक करून पाहा. अनेक नोंदींत नेमका ३०,००० हाच आकडा असेल, तर ते बहुधा मोजमाप नसून टाइमआउटची मर्यादा आहे, म्हणजे तेवढ्या वेळात प्रतिसाद आलाच नाही. लॉग स्केलने अक्ष आटोक्यात येईल, पण हा फरक झाकला जाईल.

दुसरे उत्तर
बॉक्स प्लॉटच्या (डेटाचा मधला अर्धा भाग चौकटीने दाखवणाऱ्या आलेखाच्या) नियमावर बोट ठेवून नोंदी वगळू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या व तिसऱ्या चतुर्थकांच्या (ज्यांच्याखाली अनुक्रमे एक चतुर्थांश व तीन चतुर्थांश नोंदी येतात) पलीकडे, त्यांच्यातील अंतराच्या दीडपटीवर असलेली संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांची सीमा ‘येथे लक्ष द्या’ एवढेच सांगते. अगदी प्रसामान्य वितरणातही (घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वितरणातही) सुमारे ०.७ टक्के नोंदी तिच्याबाहेर पडतात. म्हणजे २,००० पैकी सुमारे १४ नोंदींवर काहीही बिघडलेले नसताना खूण होईल.

प्रश्नकर्ता
तपासले. ९ नोंदी नेमक्या ३०,००० आहेत. उरलेल्या दोन ४,२१० आणि ६,८५५ आहेत. आता या एकाच आलेखात कशा दाखवू?

पहिले उत्तर देणारे
त्या ९ नोंदी रेषेत जोडू नका. आलेखाच्या वरच्या कडेवर, ज्या त्या वेळी, त्रिकोणाची खूण करा आणि ‘३० सेकंदांत प्रतिसाद नाही: ९’ असे तिथेच लिहा. सरासरीतही त्या मिसळू नका, कारण २,००० नोंदींच्या सरासरीत या नऊच १३५ मिलिसेकंदांची भर घालतात, तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) जवळजवळ जागचा हलत नाही. उरलेल्या दोन नोंदी मात्र खऱ्याखुऱ्या संथ प्रतिसादांच्या आहेत आणि त्या दिसल्याच पाहिजेत. त्यासाठी एकाखाली एक दोन आलेख काढून आडवा अक्ष समान ठेवावा: वरच्यात ७,००० पर्यंतचा पल्ला, खालच्यात २५० पर्यंतचा. तुटक अक्ष (मधला काही पल्ला वगळलेला अक्ष) मी रेषालेखात टाळतो, कारण तुटलेल्या जागेवरून जाणाऱ्या रेषेचा चढ वाचणाऱ्याला चुकीचा दिसतो. खालच्या आलेखाबाहेर किती नोंदी राहिल्या, हे त्याच्या मथळ्यातच लिहा.